फुलझाडाला नत्र किती? सोऱ्यापासून युरियापर्यंतची हकीकत



फुलशेती करणाऱ्या श्रोत्यांच्या पत्रांत एक तक्रार वारंवार असते. झाड हिरवंगार आहे, पान तळहाताएवढं झालं, फांद्या लांबल्या, पण कळी काही धरत नाही. दसऱ्याला यायचा झेंडू दिवाळी ओलांडून येतो, आणि तोवर बाजार पडलेला असतो. मोगरा वेलीसारखा नुसता पसरत जातो. अंगणातली बोगनवेल भिंत चढून छपरावर जाते, पण वर्षभर एक रंगीत पान दाखवत नाही. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : झाड माजलं. अशा झाडाला काय घातलं होतं म्हणून विचारावं, तर उत्तर बहुधा एकच असतं. युरिया.

युरिया वाईट नाही. त्यातलं नत्र नसेल तर पान नाही, फांदी नाही आणि फूलही नाही. पण हे नत्र शेतकऱ्याच्या हाती कसं आलं, आणि त्याचा फुलाशी काय संबंध आहे हे माणसाला कसं कळत गेलं, याची हकीकत मोठी आहे. तीच यावेळी सांगायची आहे. मात्रा आणि हप्ते ओघाने येतीलच.

आपल्या वाडवडिलांच्या वेळी नत्र हे नाव नव्हतं, पण वस्तू होती. शेणखत होतं. धनगरांचा कळप रानात बसवायची चाल होती, आणि त्यासाठी धान्य मोजून द्यावं लागे. जुन्या गावठाणाची पांढरी माती गाडीने मळ्यात नेत. शहरांच्या आसपास सोनखत होतं. पुण्याच्या बाजूच्या ऊसमळ्यांना त्याची मोठी सवय होती. कोकणपट्टीत मासळीची कुटी होती, वसईच्या वाड्यांत एरंडीची पेंड होती. ही सगळी भरखतं आणि जोरखतं म्हणजे नत्राचीच वेगवेगळी रूपं. मात्र त्यांची ताकद सारखी नाही. चांगल्या शेणखतात शंभर किलोमागे अर्धा किलोच्या आसपास नत्र असतं. एरंडीच्या पेंडीत चार किलोंच्या वर, भुईमुगाच्या पेंडीत सात किलोंपर्यंत. शिवाय शेणखत किंवा पेंड कुजते हळूहळू, आणि नत्रही हळूहळू सोडते. फुलझाडाला ही सावकाशी फार मानवते. जुन्या माळ्यांचा मोगरा माजत नसे, याचं अर्धं श्रेय त्यांच्या हाताला होतं आणि अर्धं त्या खताच्या गरिबीला. बदाबदा ओतायला त्यांच्याजवळ काही नव्हतंच!

एक नत्र मात्र आपल्या देशात भरपूर होतं आणि ते शेतात जात नव्हतं. ते म्हणजे सोरा. बिहारमध्ये जुन्या वस्त्यांच्या, गोठ्यांच्या जमिनीवर पांढरा थर येई. तो खरवडून, पाण्यात विरघळवून, आटवून सोरा काढत. ईस्ट इंडिया कंपनीने हा सोरा जहाजं भरभरून विलायतेला नेला, तो बंदुकीच्या दारूसाठी. युरोपातल्या कितीतरी लढाया बिहारच्या गोठ्यातल्या मातीवर लढल्या गेल्या असं म्हटलं तरी चालेल. आज ठिबकमधून सोडायचं 13:0:45 नावाचं पांढरं विद्राव्य खत हरितगृहातले फूलवाले वापरतात ना? तो रसायनाने सोराच आहे. पोटॅशियम नायट्रेट. तेव्हा त्याने तोफ उडत होती, आता त्याने जरबेरा फुलतो.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या जमिनी भुकेल्या होत्या. 1804 साली हम्बोल्ट नावाचा जर्मन प्रवासी पेरू देशातून परतला, तेव्हा त्याने समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे नमुने बरोबर नेले. ग्वानो म्हणतात ते हे. त्या किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून बेटांवर विष्ठेचे डोंगर साचले होते आणि त्यातलं नत्र धुऊन गेलेलं नव्हतं. 1840 नंतर या खताची जहाजं इंग्लंडला लागायला लागली, आणि काही दशकांतच ते डोंगर खरवडून संपत आले. मग चिली देशाच्या वाळवंटातला सोरा पुढे आला. त्यात शेकडा सोळा नत्र. या वाळवंटावरून 1879 साली चिली, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात युद्ध जुंपलं. खतासाठी राज्यं लढली, हे आज खोटं वाटेल, पण झालं तसंच.

त्याच सुमारास शास्त्रज्ञांतही एक भांडण चालू होतं. जर्मनीच्या लीबिगने 1840 साली पुस्तक लिहून सांगितलं की झाड जमिनीतून क्षार घेतं, ते क्षार भरून द्या. नत्र मात्र हवेतून आणि पावसातून पुरेसं मिळतं, असा त्याचा कल होता. इंग्लंडात रॉथॅमस्टेड इथे लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी 1843 पासून शेतात पट्टे आखून गव्हावर प्रयोग सुरू केले, आणि नत्र दिल्याशिवाय गहू साथ देत नाही हे दाखवलं. लीबिग हरला. रॉथॅमस्टेडचे ते पट्टे अजून चालू आहेत. आपल्या दृष्टीने मात्र त्यांचा दुसरा प्रयोग जास्त बोलका आहे. 1856 साली त्यांनी एका कुरणाचे तुकडे पाडून वेगवेगळी खतं द्यायला सुरुवात केली. काहीच न दिलेल्या तुकड्यात आजही तीस-चाळीस जातींची गवतं आणि रानफुलं नांदतात. अमोनियाचं खत दरसाल भरपूर दिलेल्या तुकड्यांत दोन-चार धटिंगण गवतं उरली. बाकीची फुलं नाहीशी झाली. नत्राने गवत माजलं, सावली पडली, जमीन आंबट झाली, आणि फुलाला जागा राहिली नाही. हा एका जातीचा दुसऱ्या जातीवरचा जोर झाला. एकाच झाडाच्या अंगात पान आणि फूल यांच्यातही असाच झगडा असतो, हे कळायला आणखी साठ वर्षं जायची होती.

तोपर्यंत खताचीच दुनिया बदलली. हवेत पाच भागांत जवळजवळ चार भाग नत्र आहे, पण झाडाला ते तसं घेता येत नाही. कडधान्यांच्या मुळावरच्या गाठींतले जंतू ते घेतात, हे हेल्रीगेल याने 1886 साली सिद्ध केलं. आपला शेतकरी तूर-हरभऱ्याचा बेवड चांगला म्हणतो तो याच कारणाने. जंतू करतात ते काम कारखान्यात करायची युक्ती जर्मनीच्या फ्रिट्झ हाबरने 1909 साली करून दाखवली. हवेतलं नत्र आणि हायड्रोजन, प्रचंड दाब, प्रखर उष्णता, आणि त्यातून अमोनिया. कार्ल बॉशने त्याचा कारखाना उभारला आणि 1913 साली ओपाऊ इथे उत्पादन सुरू झालं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि हा अमोनियाही दारूगोळ्याकडे वळला. नत्राची ही खोडच आहे, नांगर आणि तोफ दोघांच्या घरी ते राहतं.

आपल्याकडे कोकच्या भट्ट्यांतून जोडउत्पन्न म्हणून अमोनियम सल्फेट निघे, पण त्याला गिऱ्हाईक कमी. काही माल परदेशी जाई. दख्खनच्या कालव्यांवरच्या ऊसवाल्यांनी ते आधी उचललं. जुनी माणसं त्याला नुसतं ‘सल्फेट’ म्हणत. स्वातंत्र्यानंतर 1951 साली सिंद्रीचा कारखाना सुरू झाला, 1965 साली तुर्भ्याचा, आणि सल्फेटच्या जागी हळूहळू युरिया आला. सल्फेटमध्ये शेकडा वीस-एकवीस नत्र, युरियात शेहेचाळीस. म्हणजे तीच मूठ, पण दुपटीहून जड. इथेच बऱ्याच मळ्यांची गफलत झाली. खत बदललं, पण हाताची सवय जुनीच राहिली.

युरियाबद्दल आणखी एक गोष्ट. तो जमिनीत पडला की लगेच खत होत नाही. मातीतलं युरिएज नावाचं विकर त्याचा अमोनिया करतं. हे विकर जेम्स समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1926 साली शुद्ध स्फटिकांच्या रूपात काढलं, तेही एका शेंगेच्या दाण्यापासून. ती शेंग म्हणजे आपल्या परसातल्या अबईची सख्खी चुलतबहीण. समनरला यासाठी 1946 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्याला यातून घ्यायचं एवढंच, की युरिया कोरड्या उन्हात जमिनीवर फेकून ठेवला, तर होणारा अमोनिया हवेत उडून जातो. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तर जास्तच. पैसे देऊन हवेतून आणलेलं नत्र परत हवेला द्यायचं, यासारखी थट्टा नाही.

आता मूळ प्रश्न. झाड माजलं की फूल का येत नाही?

अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात क्राउस आणि क्रेबिल या दोघांनी 1918 साली टोमॅटोच्या झाडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी झाडांची चार अवस्थांत वाटणी केली. पहिल्या अवस्थेत नत्र भरपूर, पण झाडाला ऊन नाही किंवा पाला ओरबाडलेला, त्यामुळे साखर-पिष्ट तयार होत नाही. असं झाड लेचंपेचं राहतं, फळत नाही. दुसरीत नत्रही भरपूर आणि साखरही तयार होते, पण तयार झालेली सगळी साखर नत्राच्या जोडीने नव्या पानांत आणि फांद्यांतच खर्च होते. झाड जोमदार, फूल-फळ मात्र नाही. हेच आपलं माजलेलं झाड! तिसरीत नत्र थोडं कमी पडतं, वाढ मंदावते, खर्च न झालेली साखर झाडाच्या अंगात साठते. असं झाड फुलतं आणि फळतं. चौथ्या अवस्थेत नत्र इतकं कमी, की झाड पिवळं, खुरटलेलं. साठा असूनही त्याला कळी काढण्याचं बळ नाही.

घरातल्या कमाईसारखंच हे आहे. आलेला पैसा रोजच्या खाण्यात संपला तर लग्नकार्याला शिल्लक राहत नाही. आणि कमाईच नसेल तर कार्य निघतच नाही.

क्राउस-क्रेबिल यांचं हे म्हणणं वाचून आपल्या संत्रा-मोसंबीच्या बागाईतदाराला हसू आलं असतं. तो पिढ्यान्पिढ्या हेच करत होता. मृग बहार धरायचा असेल तर उन्हाळ्यात पाणी तोडायचं, आंबे बहारासाठी थंडीत. जमीन उकरून वरची मुळं उघडी पाडायची, पानं मलूल होऊन थोडी गळू द्यायची. मग खत घालून, मुळं झाकून पाणी सोडायचं, आणि झाड फुलाने लवून जायचं. पाणी नाही म्हणजे मुळांकडून नत्रही नाही. वाढ थांबते, पण पानं उन्हात असतात, साखर साठते. ताण म्हणजे झाडाला जबरीने तिसऱ्या अवस्थेत आणणं. मोगऱ्याचा माळीही थंडीत पाणी तोडतो, पान झाडतो, छाटणी करतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला कळी काढतो. यासाठी कुणी त्याला ऑरेगॉनचं बुलेटिन वाचून दाखवलं नव्हतं.

तरीसुद्धा क्राउस-क्रेबिलचा नियम सगळ्या झाडांना लागत नाही, आणि हे सांगितलं पाहिजे. दोनच वर्षांनी, 1920 साली, गार्नर आणि अॅलार्ड यांनी दाखवलं की काही झाडांची कळी खतावर नव्हे, तर दिवसाच्या लांबीवर ठरते. त्यांच्या तंबाखूची एक जात उन्हाळाभर नुसती वाढत राही. तिला रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात ठेवलं, दिवस आखूड केला, तर ती फुलली. शेवंती त्याच गोत्राची. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय तिला कळी धरता येत नाही, तुम्ही नत्र तोडा की ओता. मग शेवंतीला नत्र केव्हा द्यायचं? 1958 साली कॅलिफोर्नियाच्या लंट आणि कोफ्रानेक यांच्या प्रयोगांतून असं निघालं की पहिले सात आठवडे महत्त्वाचे. त्या काळात नत्राची उपासमार झाली तर पुढे कितीही दिलं तरी फुलाची प्रत भरून येत नाही. आणि सुरुवातीला पोट भरलेलं असेल तर शेवटी कमी दिलं तरी बिघडत नाही. आपल्याकडचे लोक नेमकं उलट करतात. कळी दिसली की आनंदाने युरियाची मूठ टाकतात. त्याने कळीला काही मिळत नाही. मिळतं ते माव्याला, कारण कोवळा, रसाळ पाला त्याला फार आवडतो.

म्हणून आपल्या उष्ण मुलखातल्या फुलझाडांचा स्वभाव एकेकाचा वेगळा बघावा लागतो.

जास्वंद नव्या फुटीवर फुलते, आणि बाराही महिने फुलते. तिला नत्र थोडं थोडं पण सतत लागतं. नत्र तोडलं की खालची पानं आधी पिवळी पडतात, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला नेतं. हीच नत्राच्या भुकेची खूण. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची उणीव, तिथे युरिया घालून उपयोग नाही.

मोगऱ्याची कळीही नव्या फुटीच्या टोकाला येते. त्यामुळे छाटणीनंतर नत्र पाहिजेच, पण छाटणीच्या आधी, ताणाच्या काळात, अजिबात नको. तमिळनाडूत मोगऱ्याचे मोठे मळे आहेत. तिथल्या कृषी विद्यापीठाची शिफारस पाहण्यासारखी आहे : दर झाडाला वर्षाला 60 ग्रॅम नत्र, 120 ग्रॅम स्फुरद, 120 ग्रॅम पालाश, तेही दोन हप्त्यांत, एक छाटणीनंतर, दुसरा जून-जुलैत. नत्र बाकीच्यांच्या निम्मं आहे, हे ध्यानात घ्या. 60 ग्रॅम नत्र म्हणजे 130 ग्रॅम युरिया, आणि तो वर्षभराचा. आपल्याकडे अलीकडे जव्हार-विक्रमगडच्या डोंगराळ भागातही मोगरा चांगला रुजला आहे. तिथे पाऊस फार, जमीन उताराची. भर पावसात दिलेलं नत्र मुळाला लागण्याआधी ओढ्याला लागतं. अशा ठिकाणी दुसरा हप्ता पावसाची उघडीप पाहून, आणखी तुकडे करून द्यावा.

बोगनवेल मूळची ब्राझीलची. बुगँव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीची जहाजं 1767 साली रिओच्या बंदराला लागली, तेव्हा त्याच्याबरोबरच्या कॉमर्सन या वनस्पतीतज्ज्ञाने ती गोळा केली आणि कप्तानाचं नाव दिलं. कॉमर्सनचा मदतनीस म्हणून पुरुषवेषात झान बारे ही बाई त्या जहाजावर होती. ती वेल तिनेच तोडून आणली असावी असं मानणारे आहेत. तिच्या नावाची बोगनवेल मात्र नाही! या वेलीचा रंग असतो तो फुलाभोवतीच्या पानांचा, खरं फूल आत बारीक, पांढरट. क्राउस-क्रेबिलची तिसरी अवस्था पाहायची असेल तर बोगनवेल पाहावी. कडक ऊन, थोडी तहान, हलकी जमीन, मुळांनी भरलेली कुंडी, यांत ती पेटून उठते. शेणखताच्या खड्ड्याशेजारी, नळाच्या ओलीवर लावली तर काटे आणि पाला. ज्यांच्या घरी ती रुसली आहे, त्यांनी खत बंद करून पाणी कमी करावं, बाकी काही करू नये.

झेंडू आणि निशिगंध दोन्ही मूळचे मेक्सिकोचे, आता इतके आपले झालेत की तोरण आणि वेणी त्यांच्यावाचून होत नाही. निशिगंधाचा कंद वर्षानुवर्षं जमिनीत राहतो आणि दांडे काढत राहतो, त्याची भूक मोठी. त्याला नत्र हप्त्याहप्त्याने सोसतं. झेंडूचं तसं नाही. त्याचा सगळा संसार साडेतीन-चार महिन्यांचा. रोप लावल्यापासून सुमारे दोन महिन्यांनी फूल यायला लागतं. हेक्टरी 100 किलो नत्राची शिफारस सर्रास असते, म्हणजे एकरी 40 किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 20.7 किलो नत्र, तेव्हा एकरी दोन गोण्यांत हिशेब पुरा. शेणखत घातलं असेल तर टनामागे 5 किलो त्याचं नत्र धरा, जरी ते सगळं त्याच हंगामात मिळत नाही. निम्मं नत्र लागवडीला, उरलेलं महिन्याने, शेंडा खुडाल त्या वेळी. त्यानंतर वरखत बंद. शेजारच्याने तिसरी गोणी टाकली म्हणून आपणही टाकावी, आणि मग दसऱ्याच्या आठवड्यात मळ्यात उभं राहून हिरव्या रानाकडे पाहावं, हा तोटा खताच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा असतो. सणाच्या फुलाला दुसरा बाजार नाही.

2015 पासून देशात मिळणारा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊनच येतो. त्याने नत्र थोडं सावकाश सुटतं आणि नायट्रेट होऊन धुपून जाण्याला आळा बसतो. तरी तो पेंडीसारखा सावकाश नाही, हे विसरू नये. बुंध्यापासून वीतभर दूर, आळ्यात गोल चर काढून टाकावा, मातीने झाकावा आणि हलकं पाणी द्यावं. पानावर पडला तर झटकून टाकावा, नाहीतर डाग पडतात. माती परीक्षणाचा अहवाल जवळ असेल तर मात्रा त्याप्रमाणे बदलावी. अजून केलं नसेल तर लागवडीच्या आधी वाफ्यातल्या आठ-दहा जागांची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून, त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवून, पिशवीत पिकाचं नाव लिहून प्रयोगशाळेत पाठवावी.